हिरव्या पत्र्याची पट्टी

(हा कागद पाठवला नाही.)

निपाणी
रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

श्री. भावकू, उचगाव, यांस,

आज शाळेला सुट्टी. सकाळी नऊ वाजता दुकान उघडले. सव्वीस दिवसांनी उघडले. बाक पुसला. तीन गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या पडून होत्या, त्या पुसल्या. साडेदहाला शेजारचे भरमू लेथवाले तुमचा खोका घेऊन आले. बसच्या कंडक्टरने तो स्टँडवरच्या हॉटेलात ठेवला होता. खोक्यात अल्टरनेटर आणि चिठ्ठी आहे. चिठ्ठी ह्यांच्या नावाने आहे.

उचगावकडून दोन वर्षांत एकही काम आले नव्हते. तिकडे काय बोलतात ते मला माहीत आहे. भीमसेनने भावकूची गाडी जाळली, असे बोलतात. ह्यांनी त्यावर कधी काही सांगितले नाही. चिकोडीचे भावजी म्हणतात की मार्चअखेर बोर्ड उतरवू आणि हत्यारे घेऊन जातो. त्याआधी ह्यांच्या नावाचे एकही काम अर्धे परत जाऊ नये, विशेषतः उचगावचे, एवढेच मला वाटते.

कळवण्यास दुःख होते की


निपाणी
३ फेब्रुवारी १९८५

श्री. भावकू, उचगाव, यांस स. न. वि. वि.

आपला खोका आज मिळाला. दुकान काही दिवस बंद होते, त्यामुळे तो स्टँडवर राहिला. उशिराबद्दल क्षमा असावी.

चिठ्ठीत आपण दोन गोष्टी लिहिल्या आहेत. खरखर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पुरता विझत नाही. आणखी काही माहिती हवी आहे. आवाज गाडी सुरू करतानाच येतो की गरम झाल्यावर वाढतो? पुढचे दिवे लावले की लाल दिवा जास्त जळतो का? गाडीला जास्तीचे दिवे किंवा भोंगा बसवला आहे का? गाडी केव्हापर्यंत हवी आहे?

अल्टरनेटर उघडून दुरुस्तीचा संच निवडावा लागेल. आपले उत्तर आले की कळवण्यात येईल.

(शिक्का)
भीमसेन ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स, निपाणी


उचगाव
८ फेब्रुवारी ८५

भीमा, रामराम.

तुझ्या दुकानचा शिक्का दोन वर्षांनी बघितला. अक्षर वहिनींचं आहे हे पाकिटावरच कळलं. आयटीआयला होतास तेव्हा तुझी वही मास्तर उलटी धरून वाचायचे. वहिनी मिळाल्या म्हणून तुझी बिलं लोकांना वाचता येतात. पण ह्या खेपेला मजकूर पण त्यांनीच घातला की काय? 'यांस' काय, 'क्षमा असावी' काय! कोर्टाची नोटीस आल्यागत झालं. रागात असलास तर शिव्या घाल रं, मी वाचीन. नोटीस धाडू नको.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आवाज थंडपणी कमी, गरम झाल्यावर जात्यात खडा आल्यासारखा. दिवे लावले की लाल दिवा वाढतो. जास्तीचं काही बसवलेलं नाही, पण बसवायचं आहे. त्याचं कारण सांगतो.

आपली मनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मार्चच्या शेवटाला दिवस भरतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी थांबू नका, कळा सुरू झाल्या की बेळगावला आणा. आमच्या गल्लीत चार चाकांचं माझंच एक धूड आहे. वेळ सांगून येत नाही. तेव्हा मला मोठ्यातला मोठा अल्टरनेटर करून दे. पुढं दोन ट्रकचे दिवे लावतो, रस्ता दुपारसारखा दिसला पाहिजे.

बेळगावात चार इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्याकडं गेलो नाही. का ते विचारू नको.

वहिनींना नमस्कार सांग. तुझी तब्येत?

तुझा,
भावकू


निपाणी
१४ फेब्रुवारी १९८५

श्री. भावकू यांस स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. नोटीस देण्याचा हेतू नव्हता. रागही नाही.

अल्टरनेटर उघडला. मागचे बेअरिंग पूर्ण गेले आहे, पुढचे जाण्याच्या वाटेवर आहे. ब्रश झिजून अर्ध्यावर आले आहेत. बॅटरी आणि बल्ब लावून सहाही डायोड तपासले. डायोडमधून वीज एकाच बाजूने गेली पाहिजे. पाच बरोबर आहेत. एकात बल्ब दोन्ही बाजूंनी लागतो. म्हणून आपला लाल दिवा विझत नाही.

संच तीन प्रकारचे मिळतात. लहान संचात फक्त ब्रश आणि बेअरिंगे असतात. तो पुरणार नाही. दुसऱ्यात त्याबरोबर डायोडची पूर्ण प्लेट येते. तिसरा मोठा. त्यात जाड तारेचे नवे कॉइल असते आणि वीज जवळजवळ दीडपट मिळते. आपल्याला तिसरा हवा आहे हे समजले. पण आपल्या गाडीची वायर जुन्या डायनॅमोच्या वेळची आहे. मोठा अल्टरनेटर जेवढे देईल तेवढे ती वायर सोसणार नाही. नेमक्या घाईच्या वेळी तापून बसेल. दुकानाच्या वहीत याबद्दल एक ओळ आहे. 'अल्टरनेटर वायर बघून निवडावा, दिवे बघून नव्हे.' तेव्हा दुसरा संच घ्यावा. आहेत त्या दिव्यांच्या काचा आतून पुसून घेतल्या तरी रस्ता पुरेसा दिसेल.

निपाणीत हा संच नाही. बेळगावात फोर्ट रोडला मिळेल. सोबत कागद कापून मापे पाठवली आहेत. एक ब्रशचे, एक डायोडच्या प्लेटचे, भोकांसकट. कागद वस्तूवर ठेवून पाहावा. एक दोरा जरी फरक दिसला तरी घेऊ नये. बेअरिंगचे नंबर मागे लिहिले आहेत.

आणखी एक. वहीत उचगावच्या पानावर एप्रिल १९८३ खाली असे आहे: 'सहाही डायोड एकदम. पट्टी ठेवली.' त्या पानात पत्र्याची एक गोल वाकवलेली पट्टी आहे. बोटभर लांब, हिरवी, कडेला पिवळ्या फुलाची अर्धी पाकळी. ती आपल्या अल्टरनेटरमधली आहे का? जोडणीत लागत असल्यास कुठे बसते ते कळवावे.

दुकान मार्चअखेरपर्यंत आहे. पुढचे नक्की नाही.

(शिक्का)
भीमसेन ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स, निपाणी


उचगाव
२४ फेब्रुवारी ८५

भीमा,

संच गुंडू कंडक्टरकडं दिलाय. ह्या खेपेला हॉटेलात ठेवू नको, दुकानात नेऊन दे म्हणून बजावलंय.

फोर्ट रोडला परशरामचं दुकान आहे, तिथं गेलो. त्यानं तिसरा संच पुढं सरकवला. "ह्यो घ्या अप्पा. लगीनघर उजळंल ह्येच्यावर." मी खिशातनं तुझे कागद काढले आणि ब्रशवर ठेवले. तो बघतच राहिला. "अप्पा, अल्टरनेटर करायचाय का बिलाऊज शिवायचाय?" सगळं दुकान हसलं. मी म्हटलं, "निपाणीचं माप हाय. जमतंय का बघ, न्हायतर जातो." पहिली प्लेट भोकात बसली नाही. दुसरी बसली नाही. तो आतून तिसरी घेऊन आला. कागद ठेवला, भोकात भोक. मग कानडीत "आयतु, आयतु", जमलं जमलं, म्हणत त्यानंच कागद घडी करून मला दिले आणि म्हणाला, "ह्ये ज्यानं कापलंय त्येला एकदा आणा की हिकडं." मी कागद खिशात घातले. छाती फुगली रं. तुझ्यावर छाती फुगवायचा हक्क मला नाही, तरी फुगली.

पट्टीचं वाचलं. त्याचं उत्तर आज जमत नाही.

मार्चअखेर दुकान म्हणजे काय? चिकोडीला भावाकडं चाललास? लिहायचा थांबलास की मला भीती वाटते, आणि लिहितोस तेव्हा जास्त वाटते.

भावकू


निपाणी
३ मार्च १९८५

श्री. भावकू यांस स. न. वि. वि.

संच मिळाला. मापे बरोबर आहेत. आपण तीन प्लेटी पाहिल्यात हे चांगले केले.

बेअरिंगे बसवली. ब्रश बसवले. प्लेटीच्या तारा डाख देऊन जोडल्या. मोटरवर पट्टा लावून फिरवून पाहिले. आवाज नाही. बल्ब सारखा जळतो. आणखी दोन दिवस रोज फिरवून पाहण्यात येईल. त्यानंतर कधीही न्यावा.

सगळे जोडून झाले तरी ती हिरवी पट्टी कुठे लागते ते सापडले नाही. ती नको असेल तर टाकून देण्यात येईल. कळवावे.

(शिक्का)
भीमसेन ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स, निपाणी


उचगाव
७ मार्च ८५

भीमा,

टाकू नको.

आधी वाटलं, तू मला चिमटा काढतोयस. 'कुठे बसते ते कळवावे.' तुला माहीत नाही होय? मग वाटलं, मारायचंच असतं तर दोन वर्षं कशाला थांबला असतास. तू मला दार उघडून देतोयस. मी बोलावं म्हणून. तर बोलतो.

मनूच्या लग्नाआधी महिनाभर तू गाडीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलास. बसवताना सांगितलंस, "भावकू, जुनी सवय सोड. आधी बॅटरीचा प्लस बॉडीला व्हता, आता मायनस बॉडीला. उलटं लावलंस तर डायोड जळतील." मी व्हय व्हय म्हटलं.

वरातीच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्जिंगला काढली. परत बसवताना हात जुन्याच वाटेनं गेला. क्लॅम्प बसेना. बॅटरीच्या जाड टोकावर वायरचा बारीक क्लॅम्प, तो पेचकस घालून फाकवला. बारीक टोकावर जाड क्लॅम्प डुगडुगायला लागला, त्यात पत्रा घातला. बाबांच्या तंबाखूच्या डब्याचं झाकण कातरीनं कापून. हिरवं, पिवळ्या फुलाचं. लावताना ही मोठी ठिणगी उडाली, जरा धूर आला. मी म्हटलं, असंल. एवढी खटपट करताना एकदा पण डोक्यात आलं नाही की बसत नाही म्हणजे चुकतंय.

पुढचं तुला ठाऊक. गाडी बॅटरीवर चालू झाली. दिवे, भोंगा, माळा, सगळं लावून वरात निघाली आणि मारुतीच्या देवळापुढं सगळं विझलं. गाडीत नवरानवरी, समोर व्याही. तू धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होतास. मी तुझ्यावर ओरडलो. बोर्ड लावला म्हणून कोण मेकॅनिक होत नाही म्हटलं. त्यापुढं एक शब्द बोललो. तो इथं लिहीत नाही. तुझ्या जातीवरनं होता. दोघांनाही आठवतोय.

तू बॉनेट उघडलंस. बराच वेळ वाकून बघितलंस. हात खिशात घातलास. आणि सगळ्यांपुढं म्हणालास, "माझीच चूक. जोड ढिली ऱ्हायली." लोकांनी गाडी ढकलली. तू शेवटपर्यंत ढकलत होतास.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी बघितली तर सरळ लावलेली. पट्टी नव्हती. तेव्हा मला कळलं, आणि तुला कळलंय हे पण कळलं. त्याच दिवशी निपाणीला यायला पाहिजे होतं. अल्टरनेटर तू नीट करून बसनं धाडलास, बिल नाही, चिठ्ठी नाही. गाव म्हणत राहिलं भीमसेननं गाडी जाळली, आणि मी 'हं' म्हणत राहिलो.

डायोड मी जाळले भीमा. तुझा काही दोष नव्हता.

अल्टरनेटर न्यायला मी स्वतः येतो. तू तारीख सांग. आणि मनूच्या बाळाच्या बारशाला तू आणि वहिनी या. पहिलं ताट तुझं वाढीन, माझ्या शेजारी. तू नाही म्हणालास तर मी समजून घेईन.

भावकू


निपाणी
११ मार्च १९८५

भावकू अण्णा यांस,

मी अंजना लिहीत आहे. आधीची तीन पत्रेही मीच लिहिली होती.

हे ८ जानेवारीला गेले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. वर्षभर आजारी होते. शेवटी हात थरथरत. सोल्डरिंग आयर्न मी धरायची आणि ते बोटाने जागा दाखवायचे. तसे मी काम शिकले.

पहिल्या दिवशीच तुम्हाला कळवायला बसले होते. 'कळवण्यास दुःख होते की' इतके लिहिले. पुढचे आले नाही. शाळेत हजेरीपटावर एखाद्या मुलाचे नाव कमी करायचे असले तर मी तांबड्या शाईने एक रेघ मारते आणि पुढच्या नावाकडे जाते. इथे तसे झाले नाही. मी कागद बदलला आणि खाली शिक्का मारला. शिक्क्यावर त्यांचेच नाव आहे. मग तुम्ही त्यांना उत्तर लिहिलेत. 'तुझी तब्येत' असे विचारलेत. ते वाचून मला बरे वाटले. म्हणून पुढच्या वेळीही शिक्काच मारला. हे बरोबर नव्हते. माझ्यामुळे तुम्ही हे सगळे गेलेल्या माणसाला लिहिलेत. मला क्षमा करा.

पट्टीबद्दल मला खरोखर काही माहीत नव्हते. मी ती अल्टरनेटरचाच भाग समजत होते. चिमटा नव्हता आणि दारही नव्हते.

तुमचे पत्र मी एकदा मनात वाचले. मग दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि बाकासमोर बसून मोठ्याने वाचले. ते तिथे बसत. ज्याचे पत्र त्याला वाचून दाखवले, असे मी धरले आहे.

त्या वरातीहून हे परत आले तेव्हा मी विचारले होते, कसे झाले लग्न? म्हणाले, "मनू लई छान दिसत व्हती." एवढेच. शर्ट स्वतः धुतला. त्याला ऑइल लागले होते. तो शब्द त्यांनी मला सांगितला नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमचे पत्र आल्यावर मी भरमूंना विचारले, तुम्हाला काही बोलले होते का. ते आधी म्हणाले, "मला कशाला इचारता बाई, मी भैरा." मग लेथ बंद करून म्हणाले, "बोललाता एकदा. मी म्हटलं, गाव तुज्या नावानं बोंब मारतंय, सांग की खरं काय ते. तर म्हणाला, पोरीच्या सासरच्यांपुढं तिच्या बाची अक्कल काढू व्हय? आज ना उद्या त्योच सांगंल." तुमची वाट पाहत होते, असा त्याचा अर्थ मी घेतला. आजारी पडल्यावर वाट पाहत होते की नाही ते मला सांगता येत नाही.

आता कामाचे. तुमचा अल्टरनेटर मी दुरुस्त केला आहे. कागद मी कापले. ब्रश आणि डाख माझा. बेअरिंगे भरमूंनी दाबली. मी पाना हातात घेतला तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, ह्ये पोराचं कान न्हवं, पिळून सरळ व्हणार न्हाय." पण नंतर सगळे त्यांनी स्वतः तपासले आणि नाव ठेवले नाही. तरी मी शिक्षिका आहे, मेकॅनिक नाही. मनूला त्यातून न्यायचे आहे. हे कळल्यावर तुम्हाला दुसऱ्या कुणाला दाखवावेसे वाटले तर जरूर दाखवा. मला वाईट वाटणार नाही. मोटरवर आठ दिवस रोज फिरवला आहे. माझ्या मते तो चांगला आहे.

चिकोडीचे अण्णाप्पा भावजी मार्चअखेर हत्यारे न्यायला आणि बोर्ड उतरवायला येणार आहेत. त्याआधी अल्टरनेटर न्यावा.

अंजना


उचगाव
९ एप्रिल ८५

वहिनी,

अल्टरनेटर न्यायला आलो त्या दिवशी तुमच्या दुकानात मी तासभर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. तुम्ही दिलेला चहा पण तसाच राहिला. भरमू म्हणाला, "उचगावची माणसं मुकी हाईत काय?" म्हणून लिहितो.

अल्टरनेटर कुणाला दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बसवला. बॅटरी लावताना मायनस बॉडीला आहे का ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघायला वाकलो तर ओट्यावरनं मनू म्हणाली, "आप्पा, किती पाया पडतासा त्या बॅटरीच्या!" किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन चालू झालं आणि दिवा विझला. पूर्ण विझला, वहिनी. मी इंजिन बंद करून परत चालू केलं, नुसतं तो विझताना बघायला.

२७ मार्चला पहाटे मनूला कळा लागल्या. दिव्यांच्या काचा तुम्ही लिहिल्याप्रमाणं आतून पुसल्या होत्या. रस्ता पुरेसा दिसला. सकाळी आठला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

परवा रविवारी बारसं झालं. मनूच्या सासरचे सगळे आले होते, वरातीतले तेच. पंगत मारुतीच्या देवळाच्या आवारात होती. वाढायला सुरुवात व्हायच्या आधी मी उभा राहिलो. मी कधी चार माणसांत बोललो नाही. म्हटलं, "दोन वर्षांमागं हितं गाडी बंद पडली. ती भीमसेननं न्हाय, मी जाळली. बॅटरी मी उलटी लावलीती. त्यानं माझी चूक खिशात घातली आन् सोताच्या अंगावर घेतली. आन् मी त्याला हितंच, सगळ्यांच्या म्होरं, नको ते बोललो."

मग व्याह्यांनी विचारलं, "मग दोन वर्सं गप का बसलासा?"

"लाज वाटली."

"आन् त्यो का गप बसला?"

"त्यो माझ्यासाठी गप बसला. मी बी माझ्यासाठीच."

तो शब्द मी काढल्यावर वरातीत दोघंतिघं हसले होते. त्यातला एक खाली मान घालून ताटाकडं बघत होता. शेजारच्या पाटावर मी एक ताट वाढून ठेवलं होतं. तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही परीक्षेचे पेपर तपासायचेत म्हणून कळवलंत, ते बरोबर. ताट भीमाचं होतं. त्यावर कुणी बसलं नाही. नंतर मनूनं ते घेतलं आणि जेवली. म्हणाली, "काकांचं हाय, टाकायचं न्हाय."

दोन बॅटऱ्या गुंडूबरोबर पाठवतो. एक माझ्या ट्रॅक्टरची, दुसरी त्या खाली मान घातलेल्या माणसाच्या जीपची. त्यानंच आणून दिली. चार्जिंगला लावा. अण्णाप्पांनी बोर्ड उतरवला असला तर परत पाठवा, पण मला वाटतंय उतरवला नसंल.

जयभीम, वहिनी. पहिल्यांदाच लिहितोय. आधी त्याला लिहायला पाहिजे होतं.

भावकू


निपाणी
रविवार, १४ एप्रिल १९८५

भावकू अण्णा,

जयभीम.

पत्र मंगळवारी लिहिलेले, शुक्रवारी मिळाले. बॅटऱ्या शनिवारी आल्या. गुंडू दुकानात आणून देऊन गेले.

अण्णाप्पा भावजी गेल्या आठवड्यात टेम्पो घेऊन आले होते. वस्तू घट्ट धरायचा बाकावरचा शेगडा आणि मोठे ड्रिल त्यांना दिले. ती हत्यारे मला उचलतही नाहीत. बोर्ड काढायला त्यांनी शिडी लावली, तेव्हा मी म्हटले की राहू दे. ते म्हणाले, "वहिनी, चालवणार कोण?" मी म्हटले की शाळा सुटल्यावर दोन तास आणि रविवारी, बॅटरी चार्जिंग आणि ब्रशची कामे. जमेल तेवढे. ते बोर्डावरची धूळ हाताने पुसून खाली आले.

शिक्का आता फक्त बिलावर मारीन. पत्राखाली माझे नाव लिहीन.

पट्टी तुम्ही त्या दिवशी मागितली नाहीत आणि मीही काढून दिली नाही. ती वहीत त्याच पानात आहे. तुमच्या पत्रानंतर त्या पानाखाली मी एक ओळ लिहिली आहे. '७ एप्रिल १९८५. भावकूंनी सांगितले.'

मनूला आणि बाळाला आशीर्वाद. बाळाचे नाव काय ठेवले ते तुम्ही लिहायचे विसरलात.

आज जयंती. गल्लीतले सगळे मिरवणुकीला गेले आहेत. भरमूंनीही लेथ बंद केला आहे. इथपर्यंत बँडचा आवाज येतो. दरवर्षी हे मिरवणुकीच्या गाडीचे दिवे जोडायचे, आज दुसऱ्या कुणी जोडले असतील. मी संध्याकाळी जाऊन येईन.

रॅकवर आता तीन बॅटऱ्या आहेत. तुमच्या दोन आणि आधीची एक. प्रत्येकीला सहा झाकणे. चार्जिंगला लावण्याआधी अठरा झाकणे उघडून पाणी पाहायचे आहे आणि जिथे प्लेटी उघड्या दिसतील तिथे नळीने घालायचे आहे. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरलेला आहे. पत्र इथे थांबवते आणि ते काम करते.

अंजना